नाकाचं पहिलं वर्ष

प्लास्टिक सर्जरी विभागात नर्स म्हणून काम करताना माझी बहुतेक नोकरी ड्रेसिंग रूममध्ये गेली. आधी सरकारी रुग्णालयात, नंतर पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात. भाजलेले हात, अपघातात सोलवटलेले पाय, दुभंगलेल्या ओठांची तान्ही बाळं, सगळं हाताखालून गेलं. पण नाकाचं ऑपरेशन झालेल्या माणसाशी जेवढं बोलावं लागतं, तेवढं दुसऱ्या कुणाशी बोलावं लागत नाही. ऑपरेशन दोन-तीन तासांत उरकतं. नाक आपल्या जागी बसायला मात्र वर्ष लागतं, कधी त्याहूनही जास्त. ते वर्ष कसं जाणार आहे हे आधीच नीट कळलं तर पेशंटचा निम्मा जाच वाचतो, असं माझं ठाम मत आहे.

येणारी माणसं नाना तऱ्हेची. लग्नाच्या वयाच्या मुली येतात हे खरं, पण मुलगेही येतात. कबड्डीत नाक फुटलेला येतो, मोटारसायकलवरून पडलेला येतो, लहानपणी ओठ शिवलेला पण एक नाकपुडी चपटी राहिलेला येतो. 'नाकाचं हाड वाढलंय' असं सांगत येणारे तर पुष्कळ. खरं तर बहुतेकांचं हाड वाढलेलं नसतं, मधला पडदा वाकडा असतो, आणि पडदा वाकडा असला की बाहेरून नाकही वाकडं दिसू शकतं. श्वास आणि रूप ही नाकात एकमेकांत गुंतलेली असतात. विमा कंपन्या ती वेगळी धरतात: पडद्याच्या ऑपरेशनचे पैसे बहुधा मिळतात, रूपासाठीचे मिळत नाहीत. हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते, कारण बिल हातात आल्यावर ते कळणं फार वाईट.

स्वतःच्या नाकावर वरून खाली बोट फिरवून पाहा. वरचा साधारण एक तृतीयांश भाग टणक लागतो, ते हाड. त्याखाली दाबलं की थोडं दबणारं, ती कूर्चा, म्हणजे आपण ज्याला मऊ हाड म्हणतो ते. शेंडा तर हवा तसा वळतो. तिथे दोन्ही बाजूंना कमानीसारख्या दोन वेगळ्या कूर्चा असतात. आणि या सगळ्याला आतून टेकू देतो तो पडदा. उंचवटा असलेलं नाक सरळ करायचं तर वरचं हाड आणि त्याखालची कूर्चा कमी करावी लागते. तेवढंच केलं तर नाकाचा माथा उघडा आणि रुंद राहतो, म्हणून दोन्ही बाजूंची हाडं बारीक छिन्नीने कापून आत सरकवतात. डोळ्यांखाली काळंनिळं होतं ते बहुतेक यामुळे. शेंड्याला आकार द्यायचा तर कूर्चा टाक्यांनी बांधतात किंवा तिला आधाराची पट्टी लावतात. ती पट्टी बहुतेक वेळा पडद्यातून काढतात; पडद्यात पुरेशी नसेल तर कानातून, तिथेही भागत नसेल तर बरगडीतून. पडद्यातून काढतानाही समोरची आणि वरची किमान सेंटीमीटरभर रुंदीची पट्टी शाबूत ठेवावी लागते, नाही तर काही महिन्यांनी नाक मध्येच बसतं.

कातडीबद्दल कुणी विचारत नाही, आणि मला वाटतं सगळ्यात आधी तेच विचारायला हवं. आपल्याकडे पुष्कळ जणांची नाकाची कातडी जाड असते, शेंड्याशी तर अधिकच. जाड गोधडीखाली पलंगावरचं कोरीवकाम दिसत नाही आणि पातळ चादरीखाली खिळासुद्धा टोचतो, तसं हे आहे. जाड कातडीच्या माणसाने कुणा नटीच्या टोकदार नाकाचा फोटो आणला, तर आमचे सर तो बाजूला ठेवतात आणि पेशंटच्याच चेहऱ्याचे पाच-सहा बाजूंनी फोटो काढतात. कॉम्प्युटरवर बदललेलं चित्र काही ठिकाणी पेशंटच्या हातात देतात, ते मला पटत नाही. ते चित्र बोलण्यापुरतं ठीक. घरी नेलं की ते वचन होऊन बसतं. मोबाईलवर अगदी जवळून काढलेल्या सेल्फीत नाक प्रत्यक्षापेक्षा मोठं दिसतं, हेही तरुण मुलामुलींना सांगावं लागतं. हात लांब करून किंवा दुसऱ्याकडून दोन-तीन फुटांवरून फोटो काढून घ्या, असं मी म्हणते. काही जण त्यानंतर परत येत नाहीत, आणि त्याचा मला आनंदच होतो.

ऑपरेशनच्या आधीची चौकशी हे नर्सचंच काम. तंबाखूमुळे कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. शेंड्याची किंवा नाकपुड्यांच्या मधल्या दांडीची कातडी त्यामुळे काळी पडू शकते. 'सिगारेट ओढता का?' असं विचारलं की बायका साहजिकच नाही म्हणतात. म्हणून मी 'मिश्री लावता का?' असंच विचारते. सासू शेजारी बसलेली असली तर तिला चहाला पाठवून मग विचारते. मिश्री, गुटखा, तंबाखू, सगळं ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे बंद. ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या दुखण्याच्या गोळ्यांनी रक्त जास्त जातं, त्याही साधारण दोन आठवडे आधी थांबवतात. पण हृदयासाठी कुणी घेत असेल तर आपल्या मनाने अजिबात बंद करू नये, आधी त्या डॉक्टरांना विचारावं. चमकी, मोरणी आदल्या दिवशीच घरी काढून यावी. वर्षानुवर्षं न काढलेली चमकी ऑपरेशनच्या सकाळी निघता निघत नाही.

काहींना सर परत पाठवतात. डोळ्यांना न दिसणारा दोष ज्याला दिवसभर छळतो, जो आरशापुढून हलत नाही, ज्याने त्यापायी कामधंदा सोडला आहे, त्याला नाकाच्या ऑपरेशनने बरं वाटत नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं हाच उपचार असतो. घरच्यांना हा अपमान वाटतो. मी त्यांना समजावते की नाक कापून सरळ करता येतं, मनातला आरसा कापून सरळ होत नाही, आणि सर नाही म्हणतात ते त्या मुलाच्या भल्यासाठीच.

पहिले दोन दिवस सगळ्यात कठीण, पण दुखण्यामुळे नव्हे. दुखतं ते गोळीने आटोक्यात राहतं. त्रास होतो तो नाक बंद असण्याचा. तोंडाने श्वास घेऊन ओठ सुकतात, घशाला कोरड पडते, घास गिळताना कानात दडे बसतात. भूल उतरल्यावर मी उशाला दोन उशा देते आणि नातेवाइकांना डोळ्यांवर गार पट्ट्या ठेवायला शिकवते. पट्टी गालावर आणि पापणीवर ठेवायची, प्लास्टरवर दाबायची नाही. नाकाखाली गॉजची घडी असते, ती लाल झाली की बदलायची. पहिल्या दिवशी थोडं रक्त येतंच. दुसऱ्या दिवशी डोळे सुजून बारीक होतात. मी आधीच सांगून ठेवते की उद्या आजच्यापेक्षा वाईट दिसाल आणि परवापासून उतरायला लागेल. सांगितलं नसेल तर पहाटे फोन येतो. मात्र भळभळून रक्त आलं, ताप चढला, किंवा आत ठणका वाढत जाऊन दोन्ही बाजू आतून फुगल्यासारख्या झाल्या, तर वेळ न बघता यायचं. पडद्याच्या दोन पदरांत रक्त साठलं तर ते लगेच काढावं लागतं. तसंच राहिलं तर कूर्चा कुजते.

साधारण सातव्या दिवशी प्लास्टर निघतं. हे काम घाईने करायचं नसतं. कोमट सलाईनमध्ये भिजवलेला गॉज मी कडांवर ठेवते आणि चिकटपट्टी मऊ होईपर्यंत थांबते. मग भुवयांकडची कड उचलून प्लास्टर हळूहळू शेंड्याकडे सोडवत आणते, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने खालची कातडी जागच्या जागी दाबून धरते. पट्टी ओढली आणि तिच्याबरोबर कातडी उचलली गेली तर खाली रक्त साठतं, आठवड्याची मेहनत वाया जाते. आत आठवडाभराचं तेल, मृत कातडीचे पापुद्रे, क्वचित पुळ्या, वासही येतो. पेशंट ओशाळतो. मी पुसत पुसत सांगते, सगळ्यांचं असंच असतं. मग दांडीवरचे टाके. केसाएवढा बारीक धागा, भिंग लावून बघायचा, गाठ उचलून टोकदार कात्रीने एकच बाजू कापायची. आत सिलिकॉनच्या पट्ट्या असतील तर त्यांचा टाका सोडवून पेशंटला म्हणते, 'आता तोंडाने श्वास सोडा.' तो सोडत असतानाच पट्टी बाहेर येते. डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, आणि लगेच आठवड्यानंतरची पहिली हवा नाकातून आत जाते. त्या क्षणी माणसं हसतात. या कामातला माझा सगळ्यात आवडता क्षण तो.

आरसा मी त्यानंतर देते, आणि देण्याआधी खुर्ची ओढून समोर बसते. सांगते की नाक आत्ता रुंद दिसेल, शेंडा वर खेचल्यासारखा वाटेल, तो खाली येणार आहे. शेंडा आणि वरचा ओठ बधिर लागेल, हसू काही आठवडे आखडलेलं दिसेल. दोन्ही बाजूंची सूज सारखी उतरत नाही, त्यामुळे पुढचे दोन महिने रोज एक नाकपुडी दुसरीपेक्षा मोठी वाटेल. हे ऐकून आरशात पाहिलेला माणूस आणि न ऐकता पाहिलेला माणूस, दोघांचे चेहरे मी पुष्कळदा पाहिले आहेत. फरक फार मोठा असतो.

साताऱ्याकडची एक शिक्षिका आली होती. नाकावर मोठा उंचवटा, शिवाय पडदा वाकडा. आई नव्हती, आत्याने वाढवलेली. तिसऱ्या आठवड्यात दोघी आल्या तेव्हा मुलगी गप्प होती.

आत्या म्हणाल्या, 'सिस्टर, खरं सांगू का? आधीचंच बरं होतं. हिच्या बापाचं नाक होतं ते. आता कुणासारखीच दिसत नाही.'

मी मुलीला वजन करायला आत पाठवलं आणि आत्यांना म्हटलं, 'तुम्ही घरात हे रोज म्हणता का?'

'रोज कशाला? पण मनात येतं ते बोलतेच.'

'आत्याबाई, तीन आठवड्यांचं नाक आहे हे. निम्मी सूजही उतरली नाही. तुम्ही आत्ता जे म्हणाल ते तिच्या डोक्यात वर्षभर राहील. दिवाळीपर्यंत नाकाविषयी काहीच बोलू नका, चांगलंही नको. श्वास कसा आहे, झोप लागते का, एवढंच विचारा.'

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'झोपते बाई आता. घोरत नाही.'

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मन खाली जातं हे आम्ही सगळ्या जणी ओळखून आहोत. उत्साह संपलेला असतो, सूज संपलेली नसते, आणि चेहरा अनोळखी असतो. त्या वेळी घरातल्या एका माणसाचा शब्द सगळ्या औषधांपेक्षा जड पडतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी समजावून सांगताना मी पेशंटबरोबर घरातलं कुणी तरी बोलावतेच, आणि शक्यतो जे सगळ्यात जास्त बोलतं त्याला.

छापील सूचनांच्या कागदात आपलं घर नसतं. त्यात 'जड व्यायाम टाळा' लिहिलेलं असतं. फोडणीचं काही नसतं. लाल मिरचीची फोडणी पडली की सगळं घर शिंकतं, म्हणून पहिले दोन आठवडे पेशंटने स्वयंपाकघरापासून लांब राहावं. शिंक आलीच तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून शिंकायची. नाक शिंकरायचं नाही. वाकून नमस्कार करायचा नाही, देवालाही नाही आणि मोठ्यांनाही नाही. हात जोडले की पुरे. वाकलं की डोक्यात रक्त उतरतं आणि नाक वाहायला लागतं. डोक्यातून घालायचे कपडे नकोत, पुढून बटणं असलेला शर्ट किंवा गाऊन बरा. सलाईनचे थेंब सांगितलेत तेवढेच घालायचे, साजूक तूप घालायचं नाही, गरम पाण्याची वाफ डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. लहान मूल असेल तर त्याला कडेवर घेताना त्याचं डोकं कुठे आहे ते बघायचं. नवीन नाकांना सगळ्यात जास्त टोले मारतात ती घरची बाळंच. चष्मा सुमारे सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही. तोवर कपाळाला चिकटपट्टीने अडकवायचा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरायच्या. उन्हात टोपी. कबड्डी, क्रिकेट काही महिने बंद. चमकीसाठी नाक पुन्हा टोचायचं ते सर हो म्हणतील तेव्हाच.

महिन्याभराने लोकांना काही झालंय हे कळेनासं होतं. पण आतली सूज हळूहळू उतरत राहते, शेंड्याची सगळ्यात शेवटी. जाड कातडीला दीड वर्षही लागतं. सकाळी उठल्यावर नाक जाड आणि संध्याकाळी बारीक, हे काही महिने चालतं. शंभरात पाच ते पंधरा जणांना पुन्हा छोटी-मोठी दुरुस्ती लागते, हा आकडा मी लपवत नाही. ती दुरुस्तीही वर्षभर थांबल्याशिवाय करत नाहीत, कारण सुजलेल्या नाकावर माप घेता येत नाही. हल्ली या वाट बघण्याला पर्याय म्हणून सुईने फिलर भरून नाक उंच करतात. ते दहा मिनिटांचं काम म्हणून विकलं जातं याचं मला भय वाटतं. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, दृष्टीही जाऊ शकते. पार्लरमध्ये तर हे कधीही करून घेऊ नये.

पुण्यात काम करताना मला कावसजीची गोष्ट जवळची वाटते. इंग्रजांच्या फौजेत तो बैलगाडी हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या सैनिकांनी त्याला पकडलं, त्याचं नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला आणि मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये याचं वर्णन चित्रासह आलं. तिथे तो कारागीर विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला असल्याचं म्हटलंय. आपल्याकडे तो कुंभार म्हणून सांगितला जातो. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या आकाराचा करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या मापाने कातडी सोडवायची, भुवयांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवून ती खाली वळवून बसवायची. तो लेख वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तसं ऑपरेशन केलं, आणि तिथून ही रीत युरोपात गेली, असा इतिहास सगळे सांगतात. मी नर्स आहे, माझं लक्ष जातं ते पुढच्या ओळींकडे. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक ठेवल्या, चार दिवस हलवल्या नाहीत. मग तूप लावलेलं कापड. पाच-सहा दिवस उताणं झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, भोकं मिटू नयेत म्हणून. जोडलेली पट्टी कापली ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला. कर्करोगाने किंवा चाव्याने नाक गेलेल्याला आजही कपाळाची कातडी वळवून नाक करतात आणि जोड साधारण तीन आठवड्यांनी कापतात. भूल नव्हती, सलाईन नव्हतं, तरी त्या माणसाला हे ठाऊक होतं की कातडी लावून काम संपत नाही, ती जगवावी लागते. कावसजीचं तोंड रोज कुणी धुतलं, त्याला उताणं कुणी झोपवून ठेवलं, हे लेखात नाही. कुणी तरी ठेवलं असणार.

सरकारी रुग्णालयात असताना एक आजोबा होते. कुष्ठरोग औषधांनी केव्हाच बरा झालेला, पण त्याने आतून पडदा खाल्ला होता आणि नाक मधे बसलेलं होतं. हातापायांची, चेहऱ्याची पुनर्रचना करून या माणसांना पुन्हा चारचौघांत आणण्याचं काम मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी उभं केलं. त्यामुळे अशा पेशंटला आपल्याकडे दारातून परत पाठवत नाहीत. आजोबांनी सरांना रूपाविषयी एक शब्द विचारला नाही. मोतीबिंदू काढलेला, पोथी वाचायची सवय, आणि नाकाला उंची नसल्याने चष्मा घसरून ओठांवर यायचा. दोरीने डोक्यामागे बांधून ते भागवत होते.

बरगडीची कूर्चा घेऊन सरांनी नाकाचा कणा उभा केला. आजोबा नाकाबद्दल कुरकुरले नाहीत. छातीतच जास्त दुखतं म्हणाले, आणि बरगडी घेतलेले सगळेच तसं म्हणतात. जाण्याच्या दिवशी मी सांगितलं, 'बाबा, चष्मा दोन महिने नाही.' ते म्हणाले, 'तुम्ही सांगाल तेव्हा.' मधल्या तपासण्यांना येताना चष्मा खिशात असायचा, पण त्यांनी तो कधी चढवून पाहिला नाही.

दोन महिन्यांनी सरांनी बोटांनी दाबून पाहिलं आणि मान हलवली. मी चष्म्याची दोरी कापली, काचा पुसल्या आणि नाकावर ठेवला. मान खाली घालायला सांगितली, तरी राहिला. आजोबांनी समोरची औषधाची चिठ्ठी उचलली, बोट ठेवून ओळ ओळ वाचली आणि मला विचारलं, 'सिस्टर, ही एकच गोळी दोनदा लिहिलीय. दोनदा घ्यायची का?'

एकदाच घ्यायची होती. मी चिठ्ठी सरांकडे नेऊन दुरुस्त करून आणली.